सोमवार बंद

२ फेब्रुवारी, सोमवार
आज रेकॉर्डिंग संपलं. आठ ट्रॅक. आठही सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि मध्ये कुणी शिंकलं नाही.

वही नवीन आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. क्लॅरिनेट चष्मेवाल्याचं, अ‍ॅकॉर्डियन माझं. चष्मेवाल्याला नाव आहे, पण तीस वर्षांत ते कुणी वापरलेलं नाही. त्याच्या चष्म्याच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते. दारावर 'सोमवार बंद' अशी पाटी लटकते आणि आत आम्ही वाजवतो. मी त्यासाठी दर सोमवारी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढतो, कारणं वेगवेगळी देतो. अ‍ॅकॉर्डियन दुकानातच असतं, घरी ही ठेवू देत नाही. तिसऱ्या ट्रॅकमध्ये माझा खालचा सूर लागला की भिंतीवरच्या फ्रेमा थरथरतात, आणि तेही रेकॉर्ड झालंय. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. तो म्हणाला, राहू दे, त्यांचीही हजेरी लागली.

एक पेनड्राइव्ह त्याच्याकडे, एक माझ्याकडे. आता विक्री. ऑनलाइन. कुठल्या प्लॅटफॉर्मवर विकायचं हे ठरवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि मला पद्धतशीर कामाची सवय आहे. बावीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढलीत. एक आठवडा पुरे.

तशी घाई कशाचीच नाही, फक्त त्याच्या दातांची आहे. वरचे पुढचे चार हलतायत. डेंटिस्ट म्हणतो, एप्रिलमध्ये काढावेच लागतील. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवतात. ते गेले की वाजवणं गेलं, निदान असं वाजवणं तरी गेलं. कवळी बसवून शिकायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पण एप्रिलला अजून पुष्कळ अवकाश आहे.

३ फेब्रुवारी
संकल्प. एक, ८ तारखेपर्यंत प्लॅटफॉर्म नक्की. दोन, रोज अर्धा तास याच कामाला. तीन, कुणाच्या नादी लागून घाईने काही करायचं नाही. चार, चष्म्याची फ्रेम निवडणे.

चौथा संकल्प दोन वर्षं जुना आहे. चष्मेवाल्याने तेव्हाच डोळे तपासून नंबरची चिठ्ठी दिली होती, ती पाकिटात आहे. फ्रेम मात्र अजून मनासारखी दिसलेली नाही. तोवर कागद लांब धरून वाचतो. काही अडत नाही.

५ फेब्रुवारी
प्लॅटफॉर्म तीन जातींचे निघाले. पहिल्या जातीत लोक नुसतं ऐकतात, आणि हजारो वेळा ऐकलं की आपल्या हातात एका चहाएवढं काहीतरी पडतं. दुसऱ्या जातीत आपण आपलं दुकान मांडायचं, किंमत आपण ठरवायची, विकलं गेलं की ते त्यांचा हिस्सा कापून घेतात. तिसरी जात वर्षाची फी घेते आणि गाणी सगळीकडे पोचवते. फी थांबली की गाणीही उतरवते. शिवाय स्वतःची वेबसाइट हा मार्ग आहेच.

त्यांची खरी नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांच्या चित्रांवरून मी ठेवली. पक्षी, त्रिकोण, शिडी, डबा. डबा दुसऱ्या जातीतला. दिसायला साधा आहे. फारच साधा. इतकं सोपं असेल तर त्यात काहीतरी काळंबेरं असणार.

८ फेब्रुवारी, रविवार
आज नक्की करायचं होतं. केलं नाही ते फार बरं झालं. दुपारी आणखी पाच प्लॅटफॉर्म सापडले. सकाळीच ठरवून बसलो असतो तर हे पाच कायमचे हुकले असते.

९ फेब्रुवारी, सोमवार
दुकानात. वाजवलं कमी, मी समजावून सांगितलं जास्त. चष्मेवाला क्लॅरिनेट पुसत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, म्हणजे कधी? मी म्हटलं, प्रश्न कधी हा नाही, कुठे हा आहे.

वहिनी चहा घेऊन आल्या. वहिनी म्हणजे त्याची बायको, दुकानातल्या काचांच्या ऑर्डरी त्याच बघतात. म्हणाल्या, त्यांची भाची विणकामाचे नमुने डब्यावरच विकते, दहा मिनिटांत दुकान उघडतं, भावजी, मी करून देऊ का? मी हसलो. विणकाम वेगळं आणि संगीत वेगळं, हे त्यांना न दुखावता सांगितलं. त्या कप उचलून आत गेल्या. अजून एक घोट शिल्लक होता.

जोडीला नावही हवं. मी चौतीस नावांची यादी केली आहे. तेराव्या नावाला चष्मेवाल्याला जांभई आली, म्हणून बाकीची पुढच्या सोमवारी.

२७ फेब्रुवारी
तक्ता पूर्ण. चौदा प्लॅटफॉर्म, बावीस रकाने. हिस्सा किती कापतात, करार मोडता येतो का, गिऱ्हाइकाचा पत्ता आपल्याला देतात की स्वतःकडेच दाबून ठेवतात, मुखपृष्ठाचा फोटो किती मोठा लागतो, अडचण आली तर माणूस बोलतो की यंत्र. ऑफिसातल्या मोठ्या प्रिंटरवर काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. आमची जेवणं आज स्वयंपाकघरात उभ्याने झाली.

ही शाळेत गणित शिकवते. पेपर तपासता तपासता तिने तक्त्यावरून नजर फिरवली आणि लाल पेनने खाली लिहिलं, 'मांडणी छान. उत्तर कुठे आहे?' मी सांगितलं की ही उत्तराच्या आधीची पायरी आहे. ती म्हणाली, पायऱ्यांना अर्धेच मार्क असतात.

तिला संगीतातलं कळत नाही.

६ मार्च
धडाक्यात काम. पक्ष्यावर खातं उघडलं, पहिला महिना फुकट. शिवाय यादीतल्या अकराव्या नावाने वेबसाइटचा पत्ता विकत घेऊन टाकला. संध्याकाळी एकोणिसावं नाव जास्त आवडायला लागलं. अकरावं आता कानाला जरा भपकेबाज वाटतंय.

११ मार्च
मुखपृष्ठासाठी चष्मेवाल्याचे बेचाळीस फोटो काढले. एकातही हसत नाही. ओठ घट्ट मिटून बसला होता. मी म्हटलं, जरा मोकळा हो. तो म्हणाला, मोकळा झालो तर तुला दात वेचायला लागतील. बेचाळीस फोटोंतून एक निवडायला थोडा वेळ लागेल.

१६ मार्च, सोमवार
आज किंमत. डब्यावर म्हणे 'मनाला येईल तेवढे द्या' अशी सोय आहे. मी म्हटलं, हा कलेचा अपमान झाला. चष्मेवाला म्हणाला, त्याला चालेल, ऐकणाऱ्याच्या मनाला काय येतं ते तरी कळेल. इतका भाबडा माणूस दुकान कसं चालवतो, देव जाणे.

घरी येऊन 'किंमतविषयक धोरण' लिहायला घेतलं. साडेतीन पानं झाली. आकडा अजून आलेला नाही, पण पाया भक्कम आहे.

२३ मार्च, सोमवार
वाजवत असताना पाटी असूनही एक गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं. दुहेरी भिंगाचा चष्मा. बंद आहे म्हटल्यावर 'हो हो' म्हणाला आणि दोन ट्रॅक संपेपर्यंत दारातच उभा राहिला. मग दार ओढून निघून गेला. मला त्याची नजर आवडली नाही.

३० मार्च, सोमवार
संध्याकाळी चष्मेवाला घरी आला. तो कधी येत नाही. टेबलावर तक्ता होता म्हणून त्याला पलंगावर बसवलं.

डेंटिस्टने तारीख दिली. २१ एप्रिल, मंगळवार. आता पुढे ढकलता येणार नाही म्हणाला, एकाच्या मुळाशी पू झालाय. मी त्याला धीर यावा म्हणून सतरावा रकाना समजावून सांगत होतो. रकाने दाखवायची फूटपट्टी त्याने माझ्या हातातून काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

"अरे, विकायचं राहू दे," तो म्हणाला. "कुणाला हवंय का, एवढं कळू दे. दात आहेत तोवर. कुणी म्हणालं अजून वाजवा, तर वाजवता तरी येईल."

मला गलबलून आलं. तिथल्या तिथे वचन दिलं, १० एप्रिल. नुसतं तोंडी नाही, कागदावर लिहून खाली सही केली. त्याने घडी करून वरच्या खिशात ठेवला. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर म्हणाला, उतरताना जपून, तुला पायऱ्या नीट दिसत नाहीत. फ्रेम निवडून टाक एकदा.

६ एप्रिल
पक्ष्याचा फुकट महिना संपला. मुखपृष्ठ अजून ठरायचं होतं, त्यामुळे नुकसान काही नाही. उलट फुकटात अनुभव मिळाला.

१० एप्रिल, शुक्रवार
आज नाही. गाणी शुक्रवारी काढायची नाहीत, हे मला आज दुपारीच कळलं. जगातले सगळे जण शुक्रवारीच काढतात, त्या गर्दीत आपल्याला कोण विचारतो? हे कळूनही जो पुढे जाईल तो मूर्ख. चष्मेवाल्याला मेसेज केला, 'धोरण म्हणून थोडा विलंब.' त्याने अंगठा पाठवला. समजूतदार माणूस.

१२ एप्रिल, रविवार
शिडी बाद. आता फक्त तेरा राहिले.

वहिनींचे सकाळपासून तीन मेसेज. त्या रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, म्हणून मी त्यांना म्यूट केलेलं आहे. आजच्या एकाखाली कसलीशी लिंक पण होती. आता लिंकाही पाठवायला लागल्या. उघडली नाही.

दुपारी चष्मेवाल्याचा फोन. आवाज एकदम खुशीत. म्हणाला, एक गंमत झालीय, आणि पुढच्या सोमवारी पाचला दुकानात येच. मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, तू दातांकडे बघ, बाकी सगळं माझ्यावर सोड, आणि उद्याच्या काय, पुढच्या काय, दोन्ही सोमवारी मला जमणार नाही, तक्त्याची दुसरी आवृत्ती काढतोय. तो 'अरे पण' म्हणाला. या 'अरे पण'पायीच तो आयुष्यात मागे राहिला, असं माझं जुनं मत आहे. फोन ठेवला.

१५ एप्रिल
भयंकर.

आमचा हेडक्लार्क जेवणानंतर कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसतो. आज एक इअरफोन निसटून टेबलावर लोंबत होता. मी फाइल ठेवायला गेलो तर त्यातून बारीक आवाज येत होता. क्लॅरिनेट. मग अ‍ॅकॉर्डियनचा खालचा सूर. आणि मग फ्रेमा थरथरल्या.

मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, विकत घेतलंय, डब्यावरून, चौथ्यांदा ऐकतोय. पुढे म्हणाला, क्लॅरिनेट वाजवणारा माणूस श्वास घेतो तोही ऐकत राहावासा वाटतो. या माणसाने बावीस वर्षांत कशाचंही कौतुक केलेलं मला आठवत नाही. छाती इंचभर फुगली. अ‍ॅकॉर्डियन थोडं जास्त आहे, असंही म्हणाला, पण त्याला तेवढी समज नसेल.

जागेवर येऊन बसलो आणि लख्ख प्रकाश पडला. आम्ही तर अजून काहीच विकायला काढलेलं नाही. मग विकतंय कोण?

चोरी झाली आहे.

१६ एप्रिल
तपास. डब्यावर जाऊन शोधलं. आमचे आठही ट्रॅक, जसेच्या तसे, 'मनाला येईल तेवढे द्या' या भावात. विकणाऱ्याने नाव घेतलंय 'सोमवार बंद'. यावरून धागा मिळाला. चोर दुकानाच्या दारापर्यंत येऊन पाटी वाचून गेलेला आहे. दुहेरी भिंगवाला. मला त्याच दिवशी शंका आली होती, तारखेसह नोंद आहे.

त्रेसष्ट जणांनी घेतलंय. लोकांनी खाली लिहिलंय सुद्धा. एकाने लिहिलंय, 'तिसऱ्यात मागे काहीतरी किणकिणतं, ते पुन्हा पुन्हा ऐकतो.' दुसऱ्याने, 'आईला ऐकवलं, ती उठून बसली.' वाचून बरं वाटत होतं, तेवढ्यात आठवलं की हे सगळं चोराच्या खात्यात जमा होतंय. पानाच्या तळाला बारीक अक्षरांत बराच मजकूर आहे. अशा लोकांच्या अटी नेहमी बारीक अक्षरांतच असतात. हात पुरेसा लांब नाही, म्हणून वाचला नाही. पूर्ण पानाची प्रिंट काढून इथे शेजारी चिकटवली आहे. पुरावा क्रमांक एक.

चष्मेवाल्याला यातलं काही कळू द्यायचं नाही. पाच दिवसांवर दात आलेत, त्याला धक्का नको. हे ओझं मी एकटा उचलीन.

१७ एप्रिल
तक्रार दाखल. वेळ लागला वीस मिनिटं. मूळ रेकॉर्डिंगच्या फायली माझ्या रेकॉर्डरवर तारखांसकट आहेत, त्या जोडल्या. तक्त्याचा फोटोही जोडला, म्हणजे आपण किती मुरलेले आहोत हे समोरच्याला कळावं. फॉर्ममध्ये विचारलं होतं, या विक्रेत्याला तुम्ही ओळखता का? नाही. तक्रारीआधी त्याच्याशी बोलून पाहिलंत का? चोराशी काय बोलायचं. नाही.

एकदाही थांबलो नाही. ही मला म्हणते, तुम्हाला निर्णय घेता येत नाही. आज असायला हवी होती. पेपर तपासायला परगावी गेली आहे, मंगळवारी येईल.

१८ एप्रिल, शनिवार
विजय.

सकाळी मेल आला, तक्रार मान्य, पान उतरवलं. उघडून पाहिलं तर नुसता राखाडी चौकोन. पुन्हा उघडलं. पुन्हा राखाडी. दिवसभरात सहा-सात वेळा बघितलं असेल, दर वेळी तेवढंच समाधान.

तक्त्यात डब्याला सुरक्षिततेचे जादा गुण दिले. चोर गेला, आता जागा मोकळी आहे. आपल्याच हक्काने तिथे जाता येईल. इतर बारांचा विचार करून.

१९ एप्रिल, रविवार
चष्मेवाल्याचे पाच फोन. वहिनींचे सात. एकही घेतला नाही. घेतला असता तर माझ्या आवाजातूनच गुपित फुटलं असतं. परवा दवाखान्यात त्याला आत नेण्याआधी निकालाची प्रिंट हातात ठेवायची, असं ठरवलंय. काय चेहरा होईल त्याचा.

२० एप्रिल, सोमवार
दुपारी दीड. हेडक्लार्कचा पारा चढलेला. आज चारलाच जायची रजा टाकली होती, ती त्याने परत घेतली. विचारलं तर म्हणाला, ते क्लॅरिनेटवाले आज पाच वाजता विकत घेणाऱ्यांसाठी लाइव्ह वाजवणार होते, पण कुणीतरी तक्रार करून त्यांचं पानच उडवलंय. आता कुठे ऐकायचं? उद्या त्या बिचाऱ्याचे पुढचे दात काढणार आहेत म्हणे, आजचं शेवटचंच होतं.

चोराचेही दात उद्याच काढायचे आहेत. योगायोग.

दुपारी ४.४०. योगायोग नाही.

संध्याकाळी ७. दुकानाशी पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पाटी लटकत होती. काचेतून आत दिसत होतं. चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावर बसलेला. गिऱ्हाइकं ज्या आरशात चेहरा बघतात त्याला टेकवून फोन उभा केलेला. वहिनी फोनवर बोट दाबून बघत होत्या, मग पुन्हा दाबत होत्या. त्याच्या शेजारी माझी खुर्ची, तिच्यावर माझं अ‍ॅकॉर्डियन, पट्टे सोडून तयार ठेवलेलं.

साडेपाचला वहिनींनी फोन उचलून पालथा ठेवला. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि तिसरा ट्रॅक वाजवला. एकट्याने. माझा खालचा सूर येतो तिथे तो थांबला, तेवढा वेळ जाऊ दिला, मग पुढे गेला. फ्रेमा हलल्या नाहीत.

मी दाराबाहेर होतो. आत जावं, की फोन करावा, की दाराखालून चिठ्ठी सरकवावी, यातलं काही ठरेना. तेवढ्यात संपलं.

२१ एप्रिल
दात गेले. चारही. वहिनींचा मेसेज आला, एका ओळीचा. फूल नव्हतं.

२२ एप्रिल
तक्रार मागे घ्यायला डब्याला लिहिलं. उत्तर यंत्राने दिलं. मान्य झालेली तक्रार मागे घेता येते, त्यासाठी दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात आणि पंचेचाळीस दिवस. 'तक्रार मागे घेण्याचं कारण' असा एक रकाना आहे. तो लहान आहे.

मग माफी कशी मागावी याचा तक्ता केला. प्रत्यक्ष, फोनवर, पत्राने, हिच्यामार्फत. रकाने सध्या सहाच. ही परत आली आहे, तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, लाल पेन उघडलं, तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली आणि माझे बूट आणून दारात ठेवले.

तरी आज गेलो नाही. गिऱ्हाइकांसमोर नको. सोमवारी जाईन.

२७ एप्रिल, सोमवार
गेलो.

त्याचा चेहरा मधोमध आत गेल्यासारखा दिसतो. वहिनी आतूनच 'या' म्हणाल्या. 'भावजी' म्हणाल्या नाहीत. मी घरून पाठ करून गेलो होतो, की मुळात तीन कारणं होती आणि त्यांतलं पहिलं म्हणजे. त्याने हात वर केला. मग नुसतं चुकलं म्हटलं. तेवढंच निघालं तोंडातून, आणि तेही नीट नाही. त्याने सह्यांचा फॉर्म माझ्या हातातून घेतला, न वाचता सही केली, परत दिला.

मग दंड धरून मला डोळे तपासायच्या यंत्रासमोर बसवलं. ओठ फारसे न हलवता म्हणाला, "हनुवटी टेक."

यंत्रात एक लांब सरळ रस्ता असतो आणि त्याच्या टोकाला फुगा. आधी धूसर, मग स्पष्ट, मग पुन्हा धूसर. पुष्कळ वेळ बघत राहिलो, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. तपासून झाल्यावर त्याने भिंतीवरची एक फ्रेम काढली, माझ्या नाकावर ठेवली, कानामागे दाबून पाहिली आणि काढून घेतली. एक मिनिटही लागलं नाही. मी आरसा मागितला. त्याने आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

निघताना कोपऱ्यात त्याच्या क्लॅरिनेटची पेटी दिसली. वर काचांच्या ऑर्डरींचे खोके रचलेले होते.

४ मे, सोमवार
चष्मा आला. नंबर पावणेदोन. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर एक होता.

घरी येऊन लावला आणि ही वही चाळली. माझं अक्षर चांगलं आहे, हे मला माहीतच होतं. चाळता चाळता १६ एप्रिलचं पान आलं. पुरावा क्रमांक एक. तळाची बारीक अक्षरं आता स्वच्छ दिसतात. त्या अटी नाहीत. उतरवून घेतो.

'क्लॅरिनेट मी वाजवतो. अ‍ॅकॉर्डियन माझा मित्र. रेकॉर्डिंग, फोटो, धावपळ सगळी त्याची, मी फक्त फुंकलं. त्याला घाई आवडत नाही, म्हणून हे पान तेवढं आम्ही घरच्यांनी उघडलं. सोमवारी २० तारखेला पाच वाजता आम्ही दोघे दुकानातून वाजवू. माझं ते शेवटचं. फर्माईश असेल तर इथे लिहा. काय वाजवायचं ते मात्र तो निवडेल, मला त्यातलं कळत नाही.'

त्याच्याखाली आणखी बारीक अक्षरांत फर्माइशी. मोजल्या. त्रेसष्टपैकी एक्केचाळीस जणांनी तिसरा ट्रॅक मागितला होता. निवडायचं असं काही नव्हतंच.

चष्मा बरोबर बसलाय. काढून ठेवला.